बूट घेण्याआधी जमीन पाहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की इंदूरकरांची पावले पातालपाणी, जानापाव, कजलीगढ, चोरल, मांडूकडे वळतात. दिवाळीनंतर कुणी पचमढी गाठतो, कुणी महाराष्ट्रात आपल्या गावी जाऊन आसपासचे डोंगर हिंडतो. सहलीच्या आदल्या आठवड्यात बूट घेण्याची घाई होते आणि पैसे नको त्या गोष्टीवर जातात. दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘वॉटरप्रूफ आहेत का?’ खरे तर हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. चालायचे कुठल्या जमिनीवर, कुठल्या महिन्यात आणि किती तास, हे आधी ठरवावे. मग आपला पाय पाहावा, मग बुटाचा तळ, आणि पाण्याचा विचार त्यानंतर. हा क्रम पाळला तर अडीच हजारांच्या आत चांगला जोड मिळतो. म्हणूनच हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मांडूचे महाल पाहायचे असतील किंवा डांबरी वाटेने धबधब्यापर्यंत जाऊन परतायचे असेल, तर बुटांची गरजच नाही. तळावरची नक्षी झिजलेली नसेल तर घरातले स्पोर्ट्स शूज पुरतात. बूट लागतात ते तीन-चार तासांहून अधिक पायपीट असेल, उतार दगडगोट्यांचा असेल किंवा पाठीवर मुक्कामाचे सामान असेल तेव्हा.

आपल्या माळव्याची जमीन बुटांची दोन प्रकारे परीक्षा घेते. पहिली काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. तळावरचे दात दाटीवाटीचे असतील तर मधल्या फटी पहिल्या शंभर पावलांत भरतात आणि मग तळ सपाट झाल्यासारखा घसरू लागतो. त्यातच एकेका पायाला पाव-अर्धा किलो चिखल लटकतो. म्हणून दात चार-पाच मिलिमीटर उंच आणि एकमेकांपासून सुटे असावेत, चिखल चालता चालता गळून पडला पाहिजे. दुसरी परीक्षा काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. कोरडा असताना तो पाय चांगला धरतो, पण ओल्या दगडावर कडक प्लास्टिकचा तळ काचेवर ठेवल्यासारखा सरकतो. तिथे मऊसर रबरच हवे. पचमढीचा वालुकाश्म खरखरीत असल्याने कोरड्या दिवसांत साधा तळही तिथे निभावून जातो. शेवाळलेल्या दगडावर मात्र कुठलाच बूट भरवशाचा नाही, मग तो दहा हजारांचा का असेना. धबधब्याच्या काठावर उभे राहण्याचा परवाना कोणताही बूट देत नाही.

आता पाय. बूट नेहमी संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि डोंगरात चालतानाही तेच होते. जे मोजे घालून चालणार, तेच दुकानात घेऊन जावे. घरी कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची कड आखावी. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे. दोन पायांत फरक निघाला तर मोठा पाय प्रमाण मानावा. या लांबीपेक्षा बूट आतून एक ते सव्वा सेंटिमीटर मोठा हवा. आपल्याकडचे ६, ७, ८ हे नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि त्यांत एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो. ४०, ४१, ४२ या युरोपीय नंबरांत तोच फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून ‘मला सात लागतो’ एवढ्यावर थांबू नये. ऑफिसच्या बुटांत सात नंबर घालणाऱ्याला चालण्याच्या बुटांत अनेकदा आठ लागतो.

नंबर जुळला तरी रुंदी जुळेलच असे नाही. लहानपणापासून चपला घालून किंवा अनवाणी वावरलेल्या पायांचा चवडा पसरट असतो, आणि पुष्कळ बूट अरुंद साच्यावर बनलेले असतात. सोपी तपासणी अशी की बुटातली गादी, म्हणजे इनसोल, बाहेर काढून जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर उभे राहावे. करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा गादीबाहेर लोंबत असेल तर तो बूट ठेवून द्यावा. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचे म्हणणे लांबीच्या बाबतीत कधीच खरे नसते. रुंदीच्या बाबतीत ते चामड्याला थोडेफार लागू पडते, सिंथेटिकला जवळपास नाही.

पुढची तपासणी पायात घालून करायची. नाड्या सैल सोडून पाय पुढे सरकवावा, बोटे टोकाला टेकली की टाचेमागे हाताचे एक बोट जेमतेम शिरले पाहिजे. मग टाच जमिनीवर दोनदा आपटून पाय मागे बसवावा आणि नाड्या आवळाव्यात. चालताना टाच किंचित उचलली गेली तर चालते, पण प्रत्येक पावलाला सुटून वर येत असेल तर दोन तासांत फोड आलाच म्हणून समजा. शेवटची तपासणी उताराची आणि तीच बहुतेक जण विसरतात. दुकानाच्या पायऱ्या किंवा बाहेरचा रॅम्प मुद्दाम जोरात पाय टाकत उतरावा. अंगठा पुढे आपटत असेल तर जानापावची टेकडी उतरताना नख काळे पडणार. असे दहा-पंधरा मिनिटे चालू द्यायला दुकानदार तयार नसेल तर दुसरे दुकान बघावे. ऑनलाइन घेतल्यास घरात सतरंजीवरच चालून पाहावे, म्हणजे तळ मळत नाही आणि बूट परत करता येतात.

महिलांसाठी वेगळ्या साच्याचे बूट मिळतात, त्यांत टाच अरुंद असते. पुरुषांचा लहान नंबर घेतला तर टाच बहुधा सैल पडते. पण चवडा रुंद असेल तर तोच बरा बसतो, तेव्हा दोन्ही घालून पाहावेत. मुलांना ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन नंबर मोठे बूट घेऊ नयेत. मूल ठेचकाळते. वाढत्या वयात साधे स्पोर्ट्स शूज पुरेसे आहेत.

बूट हातात घेऊनही बरेच कळते. टाच आणि टोक धरून वाकवावा. तो चवड्याजवळ वाकला पाहिजे, मध्यभागी दुमडत असेल तर दगडांवर तळपाय ठणकतील. पिळून पाहिला तर त्याने विरोध केला पाहिजे. तळावर अंगठ्याने दाबावे, रबर किंचित दबून परत वर येते, पीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिक मात्र टणक आणि चकचकीत लागते. टाचेला स्वतंत्र पायरी हवी, कारण उतरताना तीच ब्रेकचे काम करते. संपूर्ण तळ फोमचा, म्हणजे ईव्हीएचा असेल तर वजनाला हलका म्हणून तो मोहात पाडतो. पण तो लवकर झिजतो आणि बाभळीचा काटा त्यातून थेट पायात शिरतो. फोमच्या खाली रबराचा वेगळा थर असलेला बूट घ्यावा. वजन एका बुटाचे चारशे ते पाचशे ग्रॅमच्या आसपास असले की पुरे, कारण पायातले वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त दमवते.

याच कारणासाठी बांधकामावरचे सेफ्टी शूज सहलीला नेऊ नयेत. स्वस्त आणि दणकट दिसतात म्हणून लोक ते घेतात. पण त्यांच्या टोकात लोखंडी वाटी असते, उतारावर बोटे तिच्यावर घासतात आणि चवडा मोकळा वाकत नाही. महूच्या बाजारातले फौजी पद्धतीचे कॅनव्हासचे जंगल बूट त्यापेक्षा बरे. चिखलात ते चांगले चालतात, पाणी सोडतात आणि किमतीला हलके असतात. त्यांची उणीव आतल्या पातळ गादीत आहे, वेगळी गादी घातली की दिवसभर निभतात. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांमध्ये ॲक्शन कंपनीच्या ट्रेकिंग बुटांना वर्षानुवर्षे मागणी आहे ती ओल्या कातळावरच्या त्यांच्या पकडीमुळे. डेकॅथलॉन या खेळसाहित्याच्या दुकानात केचुआ ब्रँडचे सुरुवातीचे जोडही परवडणारे आहेत. नाव कुठलेही असो, वरच्या तपासण्या चुकवू नयेत.

आता पाण्याकडे येतो. वॉटरप्रूफ बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो, तो बाहेरचे पाणी अडवतो. पण आपल्या पावसात पाणी येते ते वरून, पँट आणि मोज्यांवरून ओघळत, किंवा ओढा ओलांडताना थेट घोट्यावरून. एकदा आत शिरले की तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. शिवाय जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पाय आतल्या घामानेच भिजतो, आणि असा बूट वाळायला दोन-दोन दिवस घेतो. जाळीचा बूट लगेच भिजतो खरा, पण पाणीही लगेच सोडतो आणि रात्रभरात बराचसा वाळतो. म्हणून माळव्याच्या पावसाळ्यासाठी जाळीचा बूट आणि मोज्यांचा एक जादा जोड हीच माझ्या मते योग्य निवड. बर्फात किंवा थंडीत हिमालयाकडे जाणार असाल तर वॉटरप्रूफचे पैसे वसूल होतात.

पण महिना बदलला की निवडही बदलते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत वाळते आणि कुसळे जाळीतून आरपार घुसून मोज्यांत रुततात, सराटे नाड्यांना चिकटतात. तेव्हा दाट विणीच्या कापडाचे किंवा स्वेडचे, म्हणजे लवदार चामड्याचे, बूट बरे. नाड्यांखालची जीभ दोन्ही बाजूंनी कापडाने शिवलेली असावी, म्हणजे कुसळ आणि खडे आत जात नाहीत.

स्वस्तात घेताना सर्वांत मोठा धोका जुन्या मालाचा आहे आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. पीयू (पॉलियुरेथेन) नावाच्या फोमसारख्या मटेरियलचा तळ हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातो. बूट न वापरता खोक्यात ठेवला तरी हे होतच राहते. पाच-सहा वर्षांनी वरून नव्यासारखा दिसणारा बूट पहिल्याच सहलीत तळापासून सुटतो, तळ खडूसारखा भुरभुरतो. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणाऱ्या जोडात हा धोका जास्त. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणे बंधनकारक आहे, ते वाचावे आणि पीयू तळाचा माल दोन वर्षांहून जुना असेल तर घेऊ नये. ईव्हीए आणि रबर असे कुजत नाहीत, मात्र त्यांना जोडणारा गोंद उन्हाने मऊ पडतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेले किंवा शेगडीजवळ वाळवलेले बूट म्हणूनच सुटतात. घरातले जुने बूट निघण्याच्या आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी काढून जोरात वाकवून पाहावेत. कडेला फट दिसली तर मोच्याकडून तळाला चहूबाजूंनी शिलाई मारून घ्यावी. घरी फेविक्विक लावू नये, ते वाळून कडक होते आणि चवडा वाकला की तडकते. तळच भुरभुरत असेल तर शिलाईही धरत नाही, तो बूट टाकून द्यावा. वाटेत तळ सुटलाच तर मीटरभर मजबूत दोरी टाचेच्या पायरीपुढून, तळव्याखालून घेऊन वर आवळून बांधावी. तेवढ्याने गाडीपर्यंत परतता येते.

किमतीचा एक बारकावा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के. म्हणजे मूळ किंमत २,५०० असेल तर हातात जोड २,६२५ रुपयांना पडतो आणि २,६०० असेल तर ३,०६८ रुपयांना. मर्यादेच्या जरा वरचा जोड आवडला तर त्याच कंपनीचा जरा खालचा आधी पाहावा. वाचलेले पैसे मोज्यांवर खर्च करावेत. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतात. नायलॉन-पॉलिस्टरचे किंवा लोकर मिसळलेले मोजे घ्यावेत.

नवे बूट सहलीच्या दिवशी प्रथम घालू नयेत. आठ-दहा दिवस आधीपासून, पहिल्यांदा घरात, मग सकाळच्या फेरीला, मग एकदा सलग पाच-सहा किलोमीटर. कुठे चुरचुरले तर फोड येण्याची वाट न पाहता तिथे मेडिकलमधली कागदी पट्टी चिकटवावी. चढताना वरच्या नाड्या थोड्या सैल, उतरताना घट्ट. घोट्याजवळ नाडीला एकाऐवजी दोन पीळ दिले की टाच जागच्या जागी राहते. परतल्यावर चिखल ओला असतानाच धुवावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते दोनदा बदलावेत आणि बूट सावलीत, पंख्याखाली वाळवावेत.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. पावसाळी सहलींची माहिती छापताना अंतर, गाडीची वेळ आणि जेवणाची सोय यांच्या जोडीला वाटेची माहितीही दोन ओळींत द्यावी. काळी माती किती, दगडी उतार किती, ओढा ओलांडावा लागतो का, पायऱ्या आहेत का. एवढे कळले तर कुटुंबातल्या कोणाला बूट लागतील आणि कोणाचे घरातल्या जोडावर भागेल, हे वाचकाला दुकानात जाण्याआधीच ठरवता येईल.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर