कल्हईवाल्या चाचांना, पातेलंवाल्या बाईकडून

चाचा, सलाम.

एसटी स्टँडमागे चिंचेखाली तुमची भट्टी असते. दिवाळीआधी आजीचं पितळी पातेलं घेऊन आले होते, ती मी. नातू फोनवर हे वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितेय.

पातेलं रिकामंच गॅसवर ठेवून मी बोलत बसले होते, आणि आतली कल्हई पाघळून तळाशी मण्यांसारखी गोळा झाली होती. तुम्ही आत डोकावून एवढंच म्हणालात, "पाणी असतं तोवर कल्हई शाबूत. पाणी नाही, तर कथील किती धीर धरणार?" पाणी उकळत असेल तर तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कथील वितळतं 232 ला. दहावीला उष्णता शिकवणाऱ्या बाईने हे तुमच्याकडून ऐकावं! लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

मग तुम्ही पंखा फिरवलात, सांडशीत धरलेलं पातेलं निखाऱ्यांवर कलतं फिरवलंत, नवसागराची चिमूट टाकलीत. भसकन पांढरा धूर. हा गडी वितळतच नाही, थेट वाफ होऊन जातो, आणि जाता जाता पितळेवरचा काळपट थर काढून नेतो. कथलाची कांडी टेकवलीत तर टेकलेलं टोक तेवढं पाघळलं, तुमच्या बोटांजवळची कांडी होती तशीच. कापसाचा बोळा गरकन फिरला आणि तळात माझं नाक दिसायला लागलं.

मी म्हटलं, "केवढी आग लागते हो याला!" तुम्ही हसलात. "आग लागते पातेल्याला, बाई. कथील गरीब आहे."

हे पत्र त्या "गरीब" शब्दासाठी. घरी जाऊन आकडेमोड केली. एक ग्रॅम कथील 30 अंशांवरून 232 पर्यंत तापवायला साधारण 46 ज्यूल उष्णता, वितळवायला आणखी 59. मिळून 105. आणि शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला 334!

वर्गात आधी आकडे सांगितलेच नाहीत. जास्त उष्णता कोणाला लागेल, विचारलं. एक मुलगी सोडून सगळे म्हणाले, कथलाला. तिला कारण विचारलं तर म्हणे, "तुम्ही विचारताय म्हणजे उलटंच असणार." मग चंचुपात्रात बर्फाचा चुरा घेतला, खाली बर्नर, पोरं आळीपाळीने ढवळतायत. आग चालू आणि पारा शून्याजवळून हलेना. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग उष्णता जाते कुठे?" इतकी वर्षं हा प्रश्न मीच विचारायचे आणि "अप्रकट उष्मा", म्हणजे तापमान न वाढवता नुसती वितळवण्यात खर्च होणारी उष्णता, हे उत्तरही मीच फळ्यावर लिहायचे.

एक मात्र सांगते, रागावू नका. कथलाचा अणू पाण्याच्या रेणूच्या सहापटीहून जड, म्हणून एका ग्रॅममध्ये जागेवरून सुटे करायचे कणच कमी. नुसत्या वितळण्यापुरतं कणाला कण लावून मोजलं तर तुमचं कथील बर्फापेक्षा किंचित श्रीमंतच निघतं!

तुम्ही दिलेला बोटभर तुकडा प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. पोरांनी त्यावर "चाचांचं कथील" अशी चिठ्ठी डकवलीय. पातेल्यात चिंचेची आमटी होते, कळकत नाही.

पुढच्या महिन्यात वर्ग घेऊन भट्टीपाशी येते. सुट्टे नव्हते म्हणून वीस रुपये राहिलेत, तेही आणते.

तुमची,
पातेलंवाली बाई