खिडकीपलीकडच्या माणसांना

एमबीबीएसनंतरचं बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा पुस्तकं पाठ होती, पण एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणाऱ्या केसची, नोंद कुठल्या रजिस्टरला करायची, ते लेखी कसं कळवायचं, यातलं काहीच हाताखालून गेलेलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी केसपेपरच्या खिडकीवरच्या दादांवर सगळ्यांसमोर चिडले, नंबर मागेपुढे का करता म्हणून. ते गप्प राहिले. गर्दी ओसरल्यावर म्हणाले, "मॅडम, वरच्या वाडीची एसटी दोनला सुटते. त्यांना आधी सोडतो, नाहीतर चालत जावं लागतं." दादा, तेव्हा माफी मागितली होती, आज पुन्हा मागते. त्या दिवसापासून ओपीडीआधी पाच मिनिटं तुमच्याशी बोलायला लागले आणि रोजचे निम्मे घोळ तिथेच मिटले.

सिस्टर, सर्पदंशाची ती रात्र! एएसव्हीची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची, व्हायल (कुपी) मी घाईने जोरात हलवत होते. तुम्ही हळूच म्हणालात, "फेस येतो मॅडम," आणि ती तळहातांत गोल फिरवून दाखवलीत. दहाच्या दहा व्हायल आपण दोघींनी तशाच तयार केल्या. नातेवाईक समोर उभे होते, पण तुम्ही मला कमीपणा येऊ दिला नाहीत. हे मी कधीच विसरणार नाही.

औषध संपायच्या आधीच चिठ्ठी पाठवणारे फार्मासिस्ट दादा, रात्रपाळीला न सांगता चहा ठेवणाऱ्या मावशी, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

सोमवारी नवे डॉक्टर येताहेत. एसटीचं त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.