चिखलाचं बटण दिलंत, टायर मात्र डांबरी रस्त्याचे

प्रति,
ग्राहक सेवा विभागाचे प्रमुख,
आणि हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचू न देणारे इतर सर्व

विषय: फोर बाय फोर गाडीला कंपनीतून बसवून आलेले टायर. तक्रार क्रमांक तीन आहेत. दर वेळी तुम्ही तक्रार बंद करून नवा क्रमांक दिलात, त्यामुळे हवा तो घ्या.

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या कस्टमर केअरशी माझं सातवं बोलणं झालं. ४३ मिनिटं. त्यातली १९ मिनिटं मी बासरी ऐकत होतो. फोन ठेवून दोन मिनिटं झाली नाहीत तोच मेसेज आला, की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे, कृपया एक ते पाच गुण द्या. समाधान कुणाचं झालं ते कळवावं, कारण माझं झालेलं नाही.

गाडी कुठली ते सांगत बसत नाही, बनवता तुम्हीच. वरचं मॉडेल घेतलं, कारण फोर बाय फोर तुम्ही फक्त वरच्या मॉडेललाच देता. त्याच्याबरोबर १८ इंची अलॉय आणि २५५/६० आर १८ चे टायर (२५५ मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंची) गळ्यात पडतात, दुसरे मागायची सोय नाही. खालच्या टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलला मात्र १७ इंची रिम आणि २५५/६५ चा टायर. दोन्ही चाकांचा एकूण व्यास ७६३ मिलिमीटरच भरतो. फरक साईडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीत पडतो: १७ इंचीला १६६ मिलिमीटर, १८ इंचीला १५३. म्हणजे जी गाडी दगडधोंड्यांत जायची तिला बुटकी साईडवॉल, आणि जी पार्किंगच्या उताराखेरीज दुसरा उतार बघणार नाही तिला उंच. जास्त पैसे मोजून मी १३ मिलिमीटर रबर कमी विकत घेतलं. रिम दिसते छान, ते नाकारत नाही.

मागच्या महिन्यात पाऊस पडून गेल्यावर मातीच्या वाटेने चढावर गेलो. चढ काही भयंकर नव्हता, पायी जाताना गप्पा थांबणार नाहीत इतकाच. तरी शहाण्यासारखा खालीच थांबलो, न्यूट्रलला घेऊन लो, म्हणजे फोर बाय फोरचा हळू पण जोरकस गिअर लावला आणि ते गोल बटण फिरवून चिखलाच्या चित्रावर आणलं. अर्ध्या चढावर गाडी थांबली. चाकं थांबली नाहीत. चारही चाकं एकदिलाने जागच्या जागी फिरत होती. मग गाडी हळूच तिरकी होऊन मागे सरकायला लागली. ब्रेक दाबला तर चाकं थांबली, गाडी सरकतच राहिली. बांधाला जाऊन टेकली म्हणून हे पत्र लिहायला शिल्लक आहे.

उतरून टायर बघितला तर नक्षी दिसतच नव्हती. खाचांत चिखल असा थापून बसला होता की टायर नुकत्याच लिंपलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत. बोटाने एक खाच कोरली तर पेन्सिलीएवढी जाड, सरळसोट वडी निघाली. टायर गोटा झालेला नव्हता, हे आधीच सांगतो, कारण पहिल्या फोनवर तुम्ही तेच विचारलंत. गेजने मोजली तर नक्षी साडेसहा मिलिमीटर भरली. तुमचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, १.६ च्या वर आहे, म्हणजे टायर ओके. अहो, १.६ ही झिजलेला टायर रस्त्यावरून काढून टाकायची खूण आहे, चिखलात जायचा परवाना नव्हे.

चिखलाच्या टायरला खाचा रुंद असतात आणि कडेचे ठोकळे सुटे सुटे असतात. चाक फिरलं की आतला चिखल फेकला जातो आणि पुढच्या फेरीला रबराची मोकळी धार पुन्हा जमिनीत घुसते. तुमच्या टायरच्या नक्षीचं काम निराळं आहे, डांबरावरचं पाणी चाकाखालून बाजूला काढायचं. ते ती झकास करते. पण चिखल म्हणजे पाणी नव्हे, इतकं तरी आपल्यात एकमत व्हावं.

गाडी शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. ट्रॅक्टर टू-व्हील ड्राइव्ह होता. हे वाक्य मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधता बांधता माझ्या टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दादा, हे तर रोडचे टायर." त्याला चार सेकंद लागले. तुमच्या माणसांना सात फोन पुरले नाहीत.

कंपनी असे टायर का बसवते ते मला कळतं. रोडचा टायर आवाज कमी करतो, सहज पळतो म्हणून इंधन कमी खातो, ओल्या डांबरावर ब्रेक चांगला धरतो. गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्ह डांबरावरच घेतं. ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि आडवाट दोन्हींसाठीचे टायर, घातले की केबिनमध्ये गुणगुण सुरू होते आणि मायलेज थोडं पडतं, हेही माहीत आहे. वाळूत तर मी याच टायरांची हवा ३३ वरून १८ पीएसआयवर आणून गाडी व्यवस्थित बाहेर काढली आहे. तिथे चिखलाचे टायर असते तर जरा जास्त रेस दिल्यावर त्यांनी स्वतःची कबर खणली असती. तेव्हा टायर वाईट आहेत असं माझं म्हणणंच नाही. पहिल्या फोनपासून मी एकच विचारतोय, की हे टायर तुम्ही कुठल्या कामासाठी निवडले? "रस्त्यासाठी निवडलेत, चिखलात जाणार असाल तर बदलून घ्या," एवढं शोरूममध्ये कुणी बोललं असतं तर मी तिथेच बदलून घेतले असते आणि तुम्हाला धन्यवाद दिले असते.

आता कालचं बोलणं. ते सविस्तर लिहितो, कारण रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे असं दर वेळी सांगता, पण ऐकत कुणी नसणार. "तांत्रिक विशेषज्ञ" म्हणून एका गृहस्थांना जोडून दिलं.

"सर, आपली गाडी फोर बाय फोर आहे ना?"

"आहे."

"मग चारही चाकांना पॉवर जाते, सर."

"गेली. चारही फिरली. गाडी हलली नाही."

"फिरली म्हणजे सिस्टिम एकदम व्यवस्थित चालू आहे, सर."

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी सोयीचा अर्थ घेतला आणि म्हणाले, "सर, टायरच्या बाजूला काय लिहिलंय ते जरा बघून सांगता का?" मी चपला घातल्या, जिने उतरलो, गुडघ्यावर बसून मोबाईलच्या उजेडात टायर वाचला. माप, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) १०८, स्पीड (किती वेग झेपतो त्याचं अक्षर) एच, आणि पुढे एम अधिक एस.

"बघा सर! एम म्हणजे मड. मड म्हणजे चिखल, सर."

मी ४६ वर्षांचा आहे. गाडी २२ वर्षं चालवतोय. रात्री साडेआठला, गुडघ्याला माती लावून, मला सांगण्यात आलं की मड म्हणजे चिखल. आणि आवाजात इतकी माया, की लहान मुलाला पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतायत.

मी सांगितलं, की एम अधिक एस, म्हणजे मड आणि स्नो, ही अक्षरं टायर बनवणारा नक्षीच्या ठेवणीवरून स्वतःच छापतो, त्यासाठी चिखलात कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षा असते ती तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण काढलेल्या खुणेला, आणि तीही बर्फावर. ते म्हणाले, "असं आमच्या सिस्टिममध्ये दाखवत नाही, सर." मग थोडं थांबून, जवळच्या माणसाने विचारावं तसं, "पण सर, गाडी चिखलात न्यायची गरज काय होती?"

तुमचं माहितीपत्रक माझ्यासमोर आहे. पान दोन. गाडी दाराच्या हँडलपर्यंत चिखलाने माखली आहे आणि चालवणारा हसतोय. तो का हसतोय? त्याच्या गाडीखाली कुठले टायर होते? हे मी विचारलं. उत्तर आलं, "चित्र प्रातिनिधिक आहे, सर." आणि डॅशबोर्डवरचं चिखलाचं बटण? "तो मोड आहे, सर." मोड आहे हे मलाही माहीत आहे. ते बटण फिरवलं की अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद बदलतो आणि चाकं किती घसरू द्यायची तो हिशोब बदलतो. बटण फिरवून नक्षी खोल होत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस, सगळ्यांनी मिळून केलेली मेहनत जमिनीला लागते ती चार तळहातांएवढ्या रबरातून. ब्रेकही तिथेच लागतो, स्टिअरिंगही तिथेच. बाकी सगळं तुम्ही बनवलंत, आणि या चार तळहातांबद्दल विचारलं की म्हणता, "टायर आमचा नाही, सर, टायर कंपनीला विचारा."

विचारलं. त्यांनी सांगितलं, गाडीच्या कंपनीने जसा मागितला तसा आम्ही दिला, निवड त्यांची. परत तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, टायर कंपनीला विचारा. बाजारात याच नावाचा टायर मिळतो तोही डिट्टो हाच असेल असं नाही, कारण गाडीच्या कंपनीसाठी वेगळा घडवून घेतात, हे मला टायरवाल्याकडून कळलं, तुमच्याकडून नाही. गाडी तुमची, चाकं तुमची, फोटो तुमचा, चिखलाचं बटण तुमचं. फक्त टायर कुणाचे नाहीत.

स्टेपनीचंही सांगून टाकतो. एका धारदार दगडाने साईडवॉल चिरली, अंगठ्याएवढी. साईडवॉलला पंक्चर काढता येत नाही, मान्य. बाहेरून इजा झाली म्हणून वॉरंटीत बसत नाही, तेही मुकाट्याने मान्य. पण जी स्टेपनी दिलीत ती २३५/६५ आर १७, म्हणजे व्यासात २६ मिलिमीटरने लहान, एका फेरीला साधारण ८ सेंटिमीटर मागे पडणारी. वर ताशी ८० चं स्टिकर, आणि पुस्तिकेत बारीक अक्षरात, की ही लावली असताना फोर बाय फोर वापरू नये. बरोबरच आहे, चारही चाकं सारखी नसतील तर ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलवर ताण येतो. पण मग आडवाटेवर टायर फुटला की त्या क्षणी माझी गाडी खालचं मॉडेल होते. तेही साईडवॉल बुटकी राहिलेलं.

बरं, स्वतःच्या पैशाने ऑल टेरेन घालतो म्हटलं, तर अ‍ॅडव्हायझर म्हणतो "बाहेरचे टायर बसवले तर वॉरंटीचं बघावं लागेल." काय बघावं लागेल ते लिहून देत नाही. माप तेच, लोड इंडेक्स १०८ किंवा वर, म्हणजे एका टायरला किमान १००० किलो. फक्त स्पीड एचच्या जागी टी येईल, ताशी २१० किलोमीटरच्या जागी १९०. चिखलात मी १९० ने जात नाही. रस्त्यावरही जात नाही. चालेल की नाही एवढंच हवंय, हो किंवा नाही.

ग्राहक न्यायालयात जाईन असं मी काल फोनवर म्हणालो, ते रागात म्हणालो हे खरं, पण कागद जमवतोय. माहितीपत्रकाचं पान दोन सगळ्यात वर ठेवलंय. खरं दुःख निराळंच आहे. या घरात ही तुमची तिसरी गाडी. पहिली वडिलांची. १६ इंची लोखंडी रिम, अरुंद टायर, कडेला बोटभर ठोकळे, रस्त्यावर इतका आवाज की रेडिओ लावण्यात अर्थ नव्हता. चिखलाचं बटण नव्हतं, ट्रॅक्टरही कधी बोलवावा लागला नाही. ती गाडी बनवणारी माणसं अजून तुमच्याकडे कुणी असतील तर हे पत्र त्यांना द्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. टायर कशासाठी निवडले ते सांगा, याच मापात ऑल टेरेन कुठला चालेल ते सांगा, तो घातल्यावर वॉरंटी राहते की जाते ते सांगा आणि स्टेपनी म्हणून पूर्ण मापाचं पाचवं चाक द्या. टायर कंपनीला विचारा असं लिहून पाठवणार असाल तर कागद वाया घालवू नका, त्यांचं उत्तर माझ्याकडे आहे.

फोन करू नका. केलाच तर त्या विशेषज्ञांना जोडू नका. चिखल म्हणजे काय ते मला समजलं आहे, मागच्या मडगार्डच्या आत अजून वाळलेला आहे.

तुमचा ग्राहक,
तिन्ही तक्रार क्रमांकांचा मालक