‘प्रवाशांचे हाल’ ही बातमी अर्धीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमाने रद्द झाली की दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर ठरलेली बातमी येते. विमानतळावर बॅगेला टेकून झोपलेले प्रवासी, दोन-तीन संतप्त प्रतिक्रिया आणि ‘प्रवाशांचे हाल’ हा मथळा. हाल होतात हे खरेच आहे आणि ते छापलेच पाहिजे. पण सोलापुरात सकाळी सातला पेपर उघडणारा माणूस स्वतः अडकलेला नसतो. त्याची मुलगी बेंगळुरूत अडकलेली असते, भाऊ दिल्लीत असतो, आई-वडील हैदराबादला असतात. हा माणूस पेपर वाचून त्यांना फोन करणार असतो. ‘आता कुठल्या गाडीत बस’ हे सांगायला त्याच्या हाती काही लागत नाही.

आम्ही रेल्वे आणि बस तिकिटांच्या कामातली माणसे. अशा दिवसांत सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरे बातमीत यावीत म्हणून हे पत्र.

डिसेंबर 2025 चे उदाहरण ताजे आहे. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीकडे तेवढे वैमानिक तयार नव्हते आणि एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. रेल्वेने 37 गाड्यांना 116 जादा डबे जोडल्याचे जाहीर केले. वृत्तसंस्थेकडून येणारा हा आकडा जसाच्या तसा छापला तर सोलापूरकराला त्याचा काय उपयोग? त्यातल्या किती गाड्या दौंड-सोलापूर-वाडी मार्गावरच्या आहेत, डबा कोणत्या श्रेणीचा आहे आणि कोणत्या तारखेला लागणार आहे, एवढे तीन तपशील असते तर त्या ओळीला बातमीची किंमत आली असती. विभागीय रेल्वे कार्यालय आपल्याच गावात आहे. हे विचारायला एक फोन पुरतो.

विशेष गाडीच्या बातमीत तर नेहमीच काहीतरी राहते. ‘उद्यापासून पुणे-सोलापूर विशेष गाडी’ असे छापून येते. ते कात्रण तारखेशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते, आणि आठवड्यानंतरही कुणीतरी ‘उद्या’ची गाडी पकडायला स्टेशनवर उभा असतो. म्हणून बातमीत ‘आज-उद्या’ नको, वार आणि तारीख हवी. गाडीचा पाच अंकी क्रमांक हवा. विशेष गाडीचा क्रमांक शून्याने सुरू होतो, आणि तो शून्य छापताना गाळला की अ‍ॅपवर गाडी सापडत नाही. गाडी आरक्षित आहे की अनारक्षित, आरक्षण कधी उघडणार, कुर्डुवाडी आणि दौंडला थांबा आहे का, भाडे नेहमीचे की विशेष, हेही हवे. आणि विशेष गाड्यांना वाटेत नेहमीच्या गाड्यांसाठी थांबवून ठेवले जाते, त्यामुळे त्या उशिरा पोचतात, हे वाचकाला एका वाक्यात सांगितले पाहिजे. पुढची बस किंवा लग्नाचा मुहूर्त त्यावर बेतणारे लोक असतात.

आता घरच्या माणसाने इथे बसून काय करायचे ते. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. सोलापूर स्टेशनच्या खिडकीवरून पुणे-सोलापूर तिकीट काढता येते, पण ते कागदी तिकीट प्रवाशाच्या हातात असावे लागते. त्याचा फोटो पुण्यातल्या मुलाला पाठवून चालत नाही. दूरच्या माणसासाठी नेहमी ई-तिकीटच काढावे. त्याला मोबाइलवरचा संदेश आणि मूळ ओळखपत्र एवढे पुरते. तात्काळ आरक्षण गाडी मूळ स्टेशनवरून सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी 10 ला आणि बिगर-वातानुकूलितसाठी 11 ला. जुलै 2025 पासून ऑनलाइन तात्काळसाठी खाते आधारशी पडताळलेले लागते आणि ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. ज्याच्या खात्यातून तिकीट काढायचे त्याचा मोबाइल त्या क्षणी हाताशी हवा. ही पडताळणी दहाला पाच मिनिटे असताना करायची गोष्ट नाही.

प्रतीक्षा यादीच्या तिकिटाबद्दल जुना समज अजून गेलेला नाही. ई-तिकीट चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागल्यावरही प्रतीक्षेतच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे परत येतात. त्यावर प्रवास करता येत नाही. खिडकीवरचे प्रतीक्षा तिकीट असेल तर फक्त जनरल डब्यात बसता येते. मे 2025 पासून स्लीपर आणि एसी डब्यांत ते कडकपणे थांबवले आहे. चार्ट आता पूर्वीसारखा चार तास आधी न लागता त्याच्या बराच आधी लागतो, त्यामुळे तिकीट नक्की झाले की नाही हे लवकर कळते. पहिला चार्ट लागल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा ‘करंट बुकिंग’मध्ये नेहमीच्या भाड्याने मिळतात. विमाने रद्द होण्याच्या दिवशीही शेवटच्या क्षणी तिकिटे रद्द करणारे असतातच. म्हणून हे पाहिल्याशिवाय टॅक्सी ठरवू नये.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तारीख तर वारंवार चुकते. ती मुंबईहून रात्री उशिरा निघते आणि पुण्यात मध्यरात्रीनंतर येते. म्हणजे 11 तारखेला मुंबईहून सुटलेल्या गाडीचे पुण्याहून तिकीट 12 तारखेचे असते. त्या गाडीचे तात्काळ मात्र 10 तारखेला उघडते. 12 च्या रात्री जेवण करून स्टेशनवर गेलेल्या माणसाची गाडी त्याच दिवशी पहाटे निघून गेलेली असते.

पुण्यात अडकलेल्याला पर्याय भरपूर आहेत. लोहगाव विमानतळापासून मेट्रोचे रामवाडी स्थानक जवळ आहे आणि तिथून मेट्रो थेट पुणे रेल्वे स्थानकाला जाते. संध्याकाळी 6 च्या सुमारास हुतात्मा एक्स्प्रेस, त्यानंतर मुंबईहून येणारी वंदे भारत, दोन्ही रात्री दहा-साडेदहाच्या आसपास सोलापुरात. हुतात्माला अनारक्षित डबे आहेत. वंदे भारतला ते नाहीत आणि ती आठवड्यातून एक दिवस नसते, तो वार बघूनच निघावे. गाडी नाही मिळाली तर स्वारगेटहून एसटी. इथे बातमीदाराने एसटीच्या विभाग नियंत्रकांना विचारून जादा गाड्या कुठून सुटणार ते छापावे, कारण लोक उगाच वाकडेवाडीच्या एसटी स्थानकावर जाऊन येतात.

खासगी ट्रॅव्हल्सचे भाडे अशा रात्री दुप्पट-तिप्पट होते. राज्य सरकारच्या 2018 च्या निर्णयानुसार खासगी बसला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार परिवहन कार्यालयाकडे करायची, तिकिटाचा किंवा भरलेल्या रकमेचा पुरावा जोडून. विमानभाड्यावर सरकारने डिसेंबर 2025 मध्ये 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपयांची मर्यादा घातल्याची बातमी सगळीकडे आली. बसभाड्याला मर्यादा आधीपासूनच आहे, हे मात्र अशा वेळी कुणी छापत नाही.

टॅक्सी केलीच तर पिवळ्या नंबरप्लेटचीच करावी. पांढऱ्या प्लेटच्या गाडीत भाड्याने बसल्यास अपघातात विम्याचा वाद उभा राहतो. भाडे एकेरी आहे की परतीचे धरून, पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर या चारही नाक्यांचा टोल त्यात आहे का, चालकाचा रात्रीचा भत्ता वेगळा आहे का, हे बसण्याआधी मेसेजवर लिहून घ्यावे. दिवसभर विमानतळाच्या फेऱ्या मारलेला चालक रात्री अकराला अडीचशे किलोमीटर निघणार असेल तर त्याला आधी विचारा, झोप झाली आहे का. नसेल तर सकाळची गाडी बरी.

मुंबईत आता भुयारी मेट्रोमुळे विमानतळावरून थेट सीएसएमटी गाठता येते. सामान घेऊन लोकल बदलण्याची गरज उरलेली नाही. शेवटच्या मेट्रोची वेळ मात्र बघावी. हैदराबादला स्टेशनचे नाव नीट वाचावे. सिकंदराबाद आणि नामपल्ली ही वेगळी स्टेशने आहेत. हुसेनसागर एक्स्प्रेस नामपल्लीहून सुटते. तिथून सोलापूरची एसटी मिळाली तर महिलांची आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते, पूर्ण प्रवासाची नाही. बेंगळुरूहून कर्नाटक आणि उद्यान एक्स्प्रेस दोन्ही संध्याकाळनंतर निघतात. देवनहळ्ळीच्या विमानतळावरून मॅजेस्टिकला, म्हणजे शहरातल्या मुख्य रेल्वे स्टेशनकडे यायला गर्दीच्या वेळी दोन तास धरावेत, म्हणजे दुपारी चारपर्यंत निर्णय व्हायला हवा. दिल्लीहून कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरला थेट येते. मनमाडमार्गे पुण्याला जाणारी गाडी घेऊन दौंडला उतरायचे असेल तर तिकिटावर ‘दौंड’ आहे की ‘दौंड कॉर्ड लाइन’ ते पाहावे. ती दोन वेगळी स्टेशने आहेत आणि सोलापूरची गाडी ‘दौंड’ म्हणजे जंक्शनवर येते.

आपल्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून 2025 च्या जूनमध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. या मार्गांवर छोटी विमाने दिवसात अनेक फेऱ्या करतात. सकाळी दुसऱ्याच शहरात धुके पडले की दुपारची आपली फेरी जाते. सोलापुरात आकाश निरभ्र असताना विमान का नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा विमान कुठे अडकले आहे यात असते. बातमीत ‘तांत्रिक कारण’ एवढेच न लिहिता कंपनीला हा प्रश्न विचारावा. गोव्यात मोपा विमानतळावर अडकलेल्याने कोकण रेल्वेच्या नादी लागू नये. ती सोलापूरकडे येत नाही. आंबोलीमार्गे कोल्हापूर आणि तिथून सांगोला-मंगळवेढ्याकडून येणारी बस, हा सरळ रस्ता.

विमानतळ सोडण्याआधीच्या गोष्टी मात्र कुणी सांगत नाही आणि पैसे तिथेच बुडतात. उड्डाण रद्द झाल्यास परतावा घ्यायचा की दुसरे विमान, ही निवड प्रवाशाची असते. क्रेडिट शेल म्हणजे पुढच्या प्रवासासाठी जमा, ते प्रवाशाच्या संमतीशिवाय देता येत नाही. रद्द झाल्याचा संदेश किंवा ईमेल जपून ठेवावा. तो नसताना निघून गेल्यास नोंद ‘प्रवासी आला नाही’ अशी होऊ शकते. सुरक्षा तपासणी झाली असेल तर आपल्या मनाने दाराबाहेर पडता येत नाही. कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून ‘ऑफलोड’ करून, म्हणजे त्या उड्डाणाच्या यादीतून नाव काढून घ्यावे लागते, बोर्डिंग पास रद्द होतो आणि मगच सीआयएसएफचा जवान बाहेर सोडतो. रांग मोठी असेल तर यातच तास-दीड तास जातो. रेल्वेची वेळ धरताना तो धरावा. परतीचे तिकीट त्याच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असेल तर ते कायम ठेवल्याचे लेखी घ्यावे.

24 तासांच्या आत कळवून उड्डाण रद्द केले आणि कारण कंपनीच्या हातातले असेल, तर परताव्याव्यतिरिक्त भरपाई आहे. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500 आणि त्याहून मोठ्याला 10,000 रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी असेल ती. धुके, पूर, युद्ध अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. टॅक्सीचे किंवा रेल्वेचे पैसे देण्याची तरतूदही नियमात नाही. तक्रारीसाठी आधी कंपनी, मग सरकारचे एअरसेवा पोर्टल, आणि ग्राहक हेल्पलाइन 1915.

आता बातमीच्या वेळेबद्दल. स्थानिक पान रात्री छपाईला जाते आणि सकाळी वाचले जाते. रात्री निघून गेलेल्या गाड्यांची यादी सकाळी निरुपयोगी आहे. त्याऐवजी त्या दिवशी दुपारनंतरच्या गाड्या, आणि दुसऱ्या दिवसाच्या तात्काळची दहा-अकराची आठवण, असा छोटा चौकोन पहिल्या स्थानिक पानावर द्यावा. खाली ‘ही माहिती अमुक तारखेच्या रात्री नऊची’ असे लिहावे. त्यात चूक निघाली तर दुरुस्ती त्याच जागी छापावी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. आषाढीच्या दिवसांत हे आणखी गरजेचे, कारण कुर्डुवाडीकडच्या गाड्या आधीच वारकऱ्यांनी भरलेल्या असतात.

आणि ही बातमी तिसऱ्या दिवशी सोडू नये. माणूस रेल्वेने घरी पोचतो, बॅग मात्र दुसऱ्या शहरातल्या पट्ट्यावर राहते. चेक-इन केलेली बॅग परत मिळाली नसेल तर विमानतळ सोडण्याआधी पीआयआर म्हणजे सामानाच्या तक्रारीचा क्रमांक घ्यावा, त्यावर सोलापूरचा पत्ता आणि चालू मोबाइल लिहावा, बोर्डिंग पासवर चिकटवलेली बॅगेची चिठ्ठी फेकू नये. बॅगा कुठे जमा आहेत, सोलापूरला कोण आणून देणार, क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत परत आले का, एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांचे काय झाले, हे आपल्या बातमीदाराने आठवड्यानंतर विचारावे आणि उत्तर छापावे.

आपले,
रेल्वे व बस तिकीट व्यवसायातील काही वाचक
सोलापूर