रबराने गिळलेल्या भाषा

महोदय,

एखाद्या भाषेचा ‘शेवटचा भाषक’ वारला की वर्तमानपत्रांत चौकट येते. हळहळ असते, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा फोटो असतो. भाषा कुणी आणि कशी संपवली, एवढ्यालाच जागा पुरत नाही. वाचणाऱ्याला वाटावे, म्हातारपणाने गेली बिचारी.

इक्वेडोर आणि पेरूच्या सीमेवरच्या जंगलातले झापारो भाषाकुल घ्या. त्यातल्या आंदोआ, काहुआरानो या भाषा केव्हाच गेल्या. अराबेला थोड्यांच्या तोंडी आहे, इकितो मोजक्या वृद्धांच्या. याच कुलातली झापारो भाषा बोलणाऱ्या सापारा लोकांच्या मौखिक परंपरेला युनेस्कोने 2001 मध्ये गौरवले, तेव्हा ते लोक होते जेमतेम 300 आणि भाषा येणारे पाच, सगळे सत्तरीपुढचे. त्याच यादीत केरळचे कुडियाट्टम हे संस्कृत नाट्य होते. त्याचे आपल्याला कौतुक. शेजारच्या ओळीतले सापारा कोण, हे विचारायचे राहूनच गेले.

या लोकांना आधी साथींनी झोडपले. मिशनऱ्यांनी निरनिराळ्या जमाती एका वस्तीत आणून बसवल्या, त्यात किचुआ ही तिथली मोठी स्थानिक भाषा सगळ्यांच्या सोयीची होऊन बसली. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगाला टायरसाठी रबर हवे झाले. व्यापाऱ्यांनी गावेच्या गावे उचलून, उधारीच्या वहीत अडकवून चीक गोळा करायला जुंपली. त्या पैशावर पेरूतले इकितोस शहर गबर झाले. नाव मात्र इकितो लोकांचे! पुढे 1941 च्या इक्वेडोर-पेरू युद्धानंतर सीमा बंद झाली आणि सापारांचे नातेवाईक दोन देशांत तुटले.

जाते आहे ते काय, याचा एकच नमुना देतो. इकितो भाषेत गोष्ट घडली की अजून घडायची आहे, हे शब्दांच्या जागेवरून कळते. ‘बाई शिजवते कसावा’ या क्रमात काम प्रत्यक्षात आलेले असते. कसावा (आपला साबुदाणा ज्याचा होतो तो कंद) कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये आला, की ते अजून व्हायचे असते. आपण हे काम क्रियापदाच्या रूपांवर सोपवतो.

गौरवानंतरही 2016 मध्ये इक्वेडोर सरकारने सापारांच्या जमिनीतल्या तेलाचा करार चिनी कंपन्यांशी केलाच. पुढची चौकट छापाल तेव्हा रबर आणि तेलाचे चार शब्द त्यात यावेत. आणि जमल्यास ती भाषा बोलणारे हयात असतानाच छापावी.

– एक वाचक, सांगली