लोकालोक म्हणजे काय?

महोदय,

पुराणांतील पर्वतांविषयी लिहिताना ‘लोकालोक’ या नावाचा ‘लोकांचा प्रकाश’ असा अर्थ दिलेला अलीकडे वाचनात आला. संधी ‘लोक + आलोक (प्रकाश)’ असा सोडवला की हा घोटाळा होतो. वस्तुतः तो ‘लोक + अलोक’ असा आहे. येथे ‘लोक’ म्हणजे माणसे नव्हेत. ‘लोक्’ म्हणजे पाहणे (आपले ‘अवलोकन’ त्याच धातूचे), म्हणून लोक म्हणजे जे दिसते ते आणि अलोक म्हणजे जे दिसत नाही ते. सात द्वीपे व सात समुद्र यांच्याही पलीकडे असलेल्या या कडेसारख्या पर्वताच्या आत सूर्यप्रकाश आणि बाहेर काळोख, अशी कल्पना आहे. विष्णुपुराण त्याची रुंदी व उंची प्रत्येकी 10,000 योजने सांगते. अमरकोश या संस्कृत शब्दकोशात त्यालाच ‘चक्रवाल’ म्हटले आहे.

कालिदासाने तर ‘रघुवंशा’च्या पहिल्याच सर्गात, यज्ञांनी उजळलेल्या पण अपत्य नसल्याने झाकोळलेल्या दिलीप राजाच्या तोंडी ‘प्रकाशश्चाप्रकाशश्च लोकालोक इवाचलः’ (लोकालोक पर्वतासारखा प्रकाशितही आणि अप्रकाशितही) अशी उपमा घातली आहे. ‘लोकांचा प्रकाश’ हा अर्थ घेतला, तर ‘अप्रकाशः’ या शब्दाचे करायचे काय?

— एक वाचक, पुणे