लॅबमधल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. अकरावी सायन्सच्या बॅचमधली जाड चष्म्याची, रांगेत कायम शेवटी उभी राहणारी मुलगी आठवत असेल, तर मी तिची आई.

तिच्या आधीच्या शाळेत सूक्ष्मदर्शक कपाटातून क्वचितच बाहेर यायचा. आला की सर तो स्वतःच्या डोळ्याला जुळवून ठेवायचे आणि म्हणायचे, ‘हात लावायचा नाही.’ हिचा नंबर मोठा. चष्मा घातला की डोळा भिंगाजवळ जात नाही, काढला की सगळं धूसर. ‘सगळ्यांना दिसतं, तुलाच कसं दिसत नाही?’ हे वर्गासमोर ऐकल्यावर ती ‘दिसलं’ म्हणायला शिकली. शाळेनंच पोरीला खोटं बोलायला लावलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पेशी हा सजीवांचा मूलभूत घटक आहे, हे तिनं पेपरात बिनचूक लिहिलं. पेशी मात्र कधी पाहिलीच नव्हती. सायन्स आपल्यासाठी नाही, असंही ती म्हणू लागली होती.

तुम्ही तिला म्हणालात, ‘चष्मा काढ बेटा. आता हा बारीक स्क्रू तूच फिरव, तुझ्या डोळ्याला जमेल तसा.’ आणि स्वतःचा हात मागे घेतलात.

काका, तुम्ही हात मागे घेतलात, त्याचेच आभार मानायला हे पत्र आहे. महागडं यंत्र, मागे ताटकळलेली मुलं, आणि तरी तुम्ही घाई केली नाहीत.

हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात पेशींचे जेमतेम दोन थर असतात, म्हणून अख्खं पान काचपट्टीवर ठेवून पाहता येतं, हे मला तिच्याकडून कळलं. तिला पेशीच्या कडेकडेनं हिरवे दाणे सरकताना दिसले. ती हरितलवकं स्वतः पोहत नाहीत, पेशीद्रव्य वाहतं आणि त्यांना सोबत नेतं, असं तुम्ही सांगितलंत. त्या वाहण्याला लागणारी ऊर्जा श्वसनातून मिळते, श्वसन रोखलं तर वाहणंही थांबतं, हेही. त्या रात्री जेवताना दुसरा विषय नव्हता. मग तिनं स्वतःहून पुस्तक काढलं. 1665 साली रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. 1838-39 मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात असं मांडलं, आणि 1855 मध्ये विर्शोनं ठासून सांगितलं की पेशी पेशीपासूनच जन्मते. ती मला म्हणाली, ‘आई, हूकला रिकामी घरं दिसली. मी नांदती पाहिली.’

तुमच्या कामाच्या यादीत काचा धुणं, रसायनं भरून ठेवणं, कुलूप लावणं असेल. एका बुजऱ्या मुलीला तिच्या डोळ्यांनी पाहू देणं त्यात नक्की नसणार. कोणी सांगितलेलं नसताना माणसं असं वागतात, म्हणून तर आम्ही आईबाप मुलांना निर्धास्तपणे घराबाहेर पाठवू शकतो.

वार्षिक अहवालात लॅबमधल्या माणसांची नावं सहसा येत नाहीत. यंदा तुमचं यावं, असं पत्र मी प्राचार्यांनाही दिलं आहे.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई